भिंगरीतलं कूळ

आमच्या बोटीच्या पोटात साचलेल्या पाण्याला तिथे राहून अकरा फेब्रुवारीला बारा वर्षं पूर्ण झाली आणि वेळशी बंदराच्या नियमानुसार ते कूळ झालं. मला हे मार्चच्या पहिल्या आठवड्यात कळलं, तेही दुसऱ्या कामासाठी बंदर कार्यालयात गेलो म्हणून.

दुसरं काम दुरुस्तीचं होतं. भिंगरी ही आमची चौदा फुटी, फायबरची, शिडाची बोट. गेली दोन वर्षं ती पाण्यात उतरली नव्हती. वेळशीत दोन वर्षं न उतरलेल्या बोटीला चाचणी द्यावी लागते. बोट तरंगली पाहिजे आणि खाडीत तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून परत आली पाहिजे. हे जमलं नाही तर ती नोंदवहीतून निघते, आणि नोंदवहीतून निघालेली बोट त्याच संध्याकाळी आडवी कापून कार्यालयापुढच्या बागेत लावतात. त्या बागेत अशा सात बोटी आहेत. झेंडू चांगला येतो त्यांत. मला नोटीस आली होती आणि शेवटची तारीख वीस मे होती.

भिंगरीत झेंडू लावायला माझा विरोध होता. का, ते कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. सुदैवाने नोटिशीत कारणाचा रकाना नव्हता.

हसन मिस्त्री फायबरच्या बोटी दुरुस्त करतो. त्याने भिंगरीवरची ताडपत्री काढली, डोलकाठी दोन्ही हातांनी धरून हलवली आणि ती सैल दातासारखी हलली.

"सर, खालचं लाकूड कुजलंय," तो म्हणाला. "काठीची बैठक त्या लाकडावर बोल्टने कसलेली असते. ते बदलायचं तर हात आत गेला पाहिजे. आणि ही तर बंद पेटी. खालचा भाग, वरचा भाग, मध्ये पोकळी. कारखान्याने हात जायला जागाच ठेवली नाही."

"मग?"

"मग काय, भोकं पाडायची. असे बघू नका, सर. सहा-सहा इंची, गोल. त्यांवर फिरकीचं झाकण बसतं, बरणीला असतं तसं. एक इथे काठीपाशी, एक मागच्या फळीत, सुकाणूजवळ." मग त्याने बोट जरा हलवली आणि मान वाकडी करून ऐकलं. "आणि आत पाणी आहे."

"ते पहिल्यापासून आहे."

"पहिल्यापासून? काढलं नाही कधी?"

"शरयू म्हणायची, असू दे."

शरयू माझी बायको. बोट तिची, हौस तिची. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये ती शीड हाताळायला शिकली होती. येत्या श्रावणात तिला जाऊन दोन वर्षं होतील.

बोटीला भोक पाडायला परवानगी लागते, म्हणून मी कार्यालयात गेलो. तिथे मोकल मॅडम बसतात. बंदर निरीक्षक त्याच, लिपिकही त्याच.

"या, बिवलकर सर. माझ्या भावाला तुम्ही भूगोल शिकवलात. नापास केलात."

"कोण भाऊ?"

"जाऊ द्या. आता दुबईला आहे. भूगोलाशिवाय पोचला."

त्यांनी माझा अर्ज वाचला, उठून फाईल काढली आणि चष्मा लावून बराच वेळ पानं उलटली. परवान्याच्या नूतनीकरणाचे बारा फॉर्म होते. नववा प्रश्न असा असतो: 'बोटीत कायमस्वरूपी काय आहे?' लोक तिथे 'वल्ही दोन, नांगर एक' असं लिहितात. शरयूने दर वर्षी लिहिलं होतं: 'वल्ही दोन, नांगर एक, पाणी – थोडं.' दहा वर्षं तिच्या अक्षरात. पुढची दोन वर्षं माझ्या अक्षरात, कारण वेळशीत मागच्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून तसाच उतरवायची पद्धत आहे. मी तो उतरवला होता, मधल्या आडव्या रेघेसकट.

"पाणी सगळ्यांच्याच बोटींत असतं हो," मोकल मॅडम म्हणाल्या. "पण लिहितं कोण? लोक खोटं लिहितात. तुमच्या मिसेसनी खरं लिहिलं. बारा वर्षांची सलग नोंद झाली. आता ते कूळ आहे."

"पंप लावून..."

मॅडमनी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यावर घाईने बशी ठेवली. "तो शब्द आता काढायचा नाही. तीन आठवडे आधी आला असतात तर तासाभरात काम झालं असतं. आता त्यांना बाहेर काढता येत नाही, आणि ते राहतात त्या जागेला भोकही पाडता येत नाही. त्यांची संमती लागेल. सुनावणी लागेल."

"कधी?"

"एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी घरच्या घरी बोलून बघा. पुष्कळदा मिटतं. आणि सर, अरेतुरे नको. नोंदणीकृत आहेत."

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी धक्क्यावर गेलो. भिंगरी उतारावर तिच्या गाडीवर होती. पाणी हिंदकळलं की बोलतं, स्वस्थ असलं की गप्प असतं, हे वेळशीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी तिचा काठ धरून तिला हळूहळू डावी-उजवीकडे हलवू लागलो.

"कोण?" आतून आवाज आला. घागरीत तोंड घालून बोलावं तसा.

"मी. बिवलकर."

"मालक! या, बसा. म्हणजे, बाहेरच बसा. आत जागा नाय."

"तुम्ही कूळ झालात असं कळलं."

"मलाही परवाच कळलं. कायतरी कागद चिकटवून गेले बाहेरून. वाचता थोडाच येतोय. अंधार."

"अभिनंदन," मी म्हणालो. दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही. "आत बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. ऊन नाय, वारा नाय. थर्माकोलचे दोन ठोकळे आहेत सोबतीला. बारा वर्षांत एक शब्द बोलले नाहीत." पाणी एका ठोकळ्याला टेकलं. "बाई येत नाहीत हल्ली."

"नाही."

"मला वाटलं, माझ्यावर रागावल्या. शेवटी-शेवटी मी जरा जड झालं होतं."

"नाही. तुमच्यावर नाही. ती वारली. दोन वर्षं होतील."

माझा हात थांबला असावा, कारण पाणी काही बोललं नाही. ते मुद्दाम गप्प आहे की मी बोट हलवायची थांबलो म्हणून गप्प आहे, हे मला कळेना. मी पुन्हा काठ धरला.

"...टाचेने दोनदा ठोकायच्या," पाणी बोलत होतं. मधलं काही निसटलं होतं. "बोट सोडण्याआधी. रोज."

"तळ मजबूत आहे का ते बघायची."

"तळ कसला बघतायत! विचारायच्या, आहेस का. मी हलून सांगायचं, आहे."

मला हे माहीत नव्हतं. दहा वर्षं मी त्याच बोटीत बसत होतो. पलीकडे एक होडी जाळं आवरत होती. ती आवरून होईपर्यंत मी बोट हलवत राहिलो आणि आम्ही दोघंही इकडचं तिकडचं बोललो. मग मी विषय काढला. चाचणी, झेंडू, कुजलेलं लाकूड, दोन भोकं, सगळं सांगितलं.

"भोकं कुठे?"

"एक वर, काठीपाशी. एक मागच्या फळीत."

"म्हणजे छपराला एक आणि भिंतीला एक."

"हो."

"अहो मालक, छपरातलं ते उजेडाचं आणि भिंतीतलं ते दार! तसं म्हणा की. भोकं काय म्हणता?" पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं आणि परत आलं. "बारा वर्षं मी कुणाकडे मागणार होतं?"

मला वाटलं, मिटलं. पण खरी अडचण पुढे होती. हसनने सांगितलं होतं की फायबर जोडणाऱ्या रेझिनला ओल चालत नाही. आतलं लाकूड काढायचं, घासायचं, वाळवायचं, नवं बसवून त्यावर फायबरच्या मॅटचे तीन थर द्यायचे, ते कडक होऊ द्यायचे. कूळ असो वा मालक, नऊ दिवस आत कुणी राहायचं नाही. हे मी सांगितलं आणि बोट हलवत राहिलो. पाणी हलत होतं, तरी बोललं नाही.

"काय झालं?"

"मालक, मी खाडीतलं आहे," ते शेवटी म्हणालं. "खाडीत सगळं कानावर येतंय. बाहेर काढलेलं पाणी कुणी परत बोलावलं, असं अजून ऐकलेलं नाय."

"मी लिहून देतो."

"सगळेच देतात."

"माझ्या घरातले फॉर्म तुम्हाला माहीत आहेत," मी म्हणालो. "आम्ही खोटं लिहीत नाही."

आत ठोकळ्यांपाशी एकदा चुळुक झाली. मग म्हणालं, "बघू. सुनावणीत बोलू."

सुनावणी बारा एप्रिलला सकाळी साडेदहाला उतारावरच झाली, कारण कुळाला कार्यालयात येणं शक्य नव्हतं. मोकल मॅडमनी घडीचं टेबल, नोंदवही आणि छत्री आणली होती. मी एका बाजूला उभा राहिलो. बोट हलवायचं काम हसन मिस्त्रीने घेतलं.

"जोरात नको," मॅडम त्याला म्हणाल्या. "साक्ष ओरडून होते मग."

पाण्याने आपलं म्हणणं नीट मांडलं. वरचं झाकण पारदर्शक हवं. हसन म्हणाला की मिळतं, पण उन्हाने दोन-तीन वर्षांत पिवळं पडतं. पाणी म्हणालं, पिवळा तर पिवळा, उजेड आहे ना. दाराचं झाकण हाताने फिरेल इतपतच घट्ट करायचं, पाना लावायचा नाही. 'निचरा' हा शब्द घरात वापरायचा नाही. आणि अकरा मेच्या ओहोटीला ते बाहेर पडेल, ते वीस मेच्या संध्याकाळच्या भरतीला परत येईल. तोवर जागा त्याचीच राहील, तिथे दुसरं कुणी येणार नाही, पाऊससुद्धा. मी सगळ्याला होकार दिला. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि मी सही केली. कुळाची सही म्हणून टेबलाखाली खाडीचं पाणी भरून ठेवलेल्या बादलीत नोंदवहीचा कोपरा ओला करून घेतला. बादलीतलं पाणी त्याच्या ओळखीचं होतं.

"आता राहिला एक मुद्दा," मॅडम म्हणाल्या. "चाचणीच्या फेरीला बोटीत दोघं लागतात. एक सुकाणूवर, एक सोबत. तुमच्या परवान्यावर दुसरं नाव अजून शरयू बिवलकर आहे."

"राहू द्या सध्या."

"राहू देता येत नाही, सर." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी मागच्या वर्षीच काढायला हवं होतं. काढलं नाही. पण चाचणीच्या कागदावर माणूस हजर लागतं."

मी हसनकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," हसन म्हणाला. "मी बोटी दुरुस्त करतो, बसत नाही. मला लागते. बाप खलाशी होता, त्याला सांगायची चोरी होती."

तो बोलताना बोट हलवत होता, त्यामुळे पाण्याला मध्ये बोलता आलं.

"मी असतंच की बोटीत," ते म्हणालं.

मॅडमनी नियमावली उघडली. सोबतच्याचं वजन चाळीस किलोच्या वर हवं. भिंगरीच्या पाटीवर बोटीचं वजन एकशे दहा किलो लिहिलं आहे. त्याच आठवड्यात आम्ही मासळी बाजारातल्या मोठ्या काट्यावर तिला नेलं होतं, तेव्हा एकशे त्रेसष्ट भरलं. म्हणजे पाणी त्रेपन्न. तेवढं चालत होतं. वय अठराच्या वर हवं. त्यावर पाणी म्हणालं, नक्की सांगता यायचं नाही, पण अठराच्या वर आहे. मॅडमनी ते मान्य केलं.

"पोहता येतं का?" त्यांनी विचारलं.

हसन हलवत होता. पाणी आतल्या आत एक फेरी मारून आलं.

"कधी वेळ आली नाय," पाणी म्हणालं. "येत असावं."

मॅडमनी 'होय' असं लिहिलं. मग त्यांनी जुन्या नावावर एक रेघ ओढली. पट्टी लावून, सरळ आणि बारीक, अशी की खालचं नाव वाचता यावं. त्याच्या पुढे त्यांनी 'पाणी' लिहिलं. थोडं की फार, ते लिहिलं नाही.

अकरा मेला सकाळी ओहोटी लागायच्या आधी हसनने भोकं पाडली. आधी बरणीच्या झाकणाने गोल आखून घेतला, कडेने कागदाची पट्टी चिकटवली आणि जिगसॉ करवत लावली. फायबरचा पांढरा भुगा उडत होता. माझ्या हातात व्हॅक्यूम होता, पण मी तो वेळेवर चालू केला नाही. गोल तुकडा निघाला तेव्हा आतून गार, जुना वास आला, आणि पाणी "अरे वा" म्हणालं. कुणी हलवलं नव्हतं. वारा आत गेला असेल.

मग मागचं दार झालं. बोटीची मागची बाजू आम्ही उताराच्या कडेला, खाडीच्या पाण्याला टेकेल अशी लावली होती. दाराच्या खालच्या कडेशी पाणी आलं, थोडं थांबलं, आणि मग सरळ बाहेर पडून खाडीत मिसळलं. ते नेमकं कुठलं, हे दोन मिनिटांनंतर सांगता आलं नसतं.

"गेलं," हसन म्हणाला.

"गेले म्हण," मी म्हणालो.

नऊ दिवस काम चाललं. हसनने वरच्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालून कुजलेलं लाकूड बाहेर काढलं. ते चहात बुडवलेल्या टोस्टसारखं हातात येत होतं. शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून मी रोज जाऊन बसे. हसन रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब मोजून टाकायचा, मॅटवर ब्रशने दाबून-दाबून हवा काढायचा आणि आतल्या आत, न बघता, फक्त हाताने सगळं करायचा. विजेरी धरायची गरज नाही म्हणाला, हाताला दिसतं. सोळा तारखेला नव्या लाकडावर काठी उभी केली तेव्हा ती हलली नाही. मी दोनदा हलवून पाहिली. मग त्याने मागे सुकाणूच्या बिजागऱ्यांचे बोल्टही आतून कसले. वरचं पारदर्शक झाकण बसवलं, कडेने सीलंट भरलं, आणि दोघांनी मिळून त्यातून आत पाहिलं. आत पांढरं, कोरडं, स्वच्छ होतं. दोन ठोकळे होते. बाकी कुणी नव्हतं.

"छान झालंय घर," हसन म्हणाला.

मी घरी गेलो तेव्हा आमच्या घरातही मी सगळे दिवे लावून एकदा बघून घेतलं. त्याचं विशेष काही नाही.

वीस मेला मी चारलाच धक्क्यावर पोचलो. भरती पाच-चाळीसला पूर्ण होणार होती. कार्यालय सहाला बंद होतं, आणि फेरीला वाऱ्यावर अवलंबून दहा ते पंधरा मिनिटं लागतात. हसन आला होता. बागेचा माळी झेंडूची रोपं आणि खताचं पोतं घेऊन कठड्यावर बसला होता.

"कापायची म्हणून कुणी सांगितलं तुला?" हसनने त्याला विचारलं.

"कुणी नाही. पण रोपं सुकतात. तयारी असलेली बरी." माळ्याने भिंगरीकडे पाहिलं. "नाकाडाच्या बाजूला बटू झेंडू लावीन. सर, तुम्हाला पिवळा आवडतो का केशरी?"

"मला बोट आवडते," मी म्हणालो.

साडेचारला मोकल मॅडम आल्या. त्यांनी बोट दोरीने धरून पाण्यात उतरवली, मागच्या दाराचं झाकण काढून ठेवलं, मोजकाठी लावून पाणरेषा मोजली आणि लिहिलं. बोट सरळ तरंगत होती, बुचासारखी. भरती चढत होती. खाडीचं पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. हिंदकळलं तरी आत गेलं नाही. दुसऱ्याच्या घरात शिरायची त्या पाण्याला सवय नव्हती.

पाच-वीसला मॅडम म्हणाल्या, "सर, जरा इकडे या."

आम्ही छत्रीखाली उभे राहिलो.

"स्पष्ट बोलू का? नऊ दिवस झाले. भाडेकरू असो, कूळ असो, मोकळं सुटलं की कोण कशाला परत येतं? समुद्र आहे पुढे. तुम्ही लिहून द्या की कुळाने स्वेच्छेने घर सोडलं. मी इथेच शिक्का मारते. आणि सोबत म्हणून मी बसते तुमच्याबरोबर. मला पोहता येतं, आणि वजनाचं विचारू नका, नियमात बसतं. आत्ता निघालो तर पावणेसहाला परत. बोट तुमची, कोरडी, मोकळी. कायमची सुटका."

"आणि नंतर ते आले तर?"

"आले तर नोंद नसेल."

हे सगळं खरं होतं आणि त्या चांगल्या मनाने बोलत होत्या. मी भिंगरीकडे पाहिलं. बारा वर्षांत इतकी हलकी मी तिला पाहिली नव्हती. लाटही नसताना ती इकडे-तिकडे होत होती.

"संध्याकाळची भरती असं लिहिलंय मी," मी म्हणालो. "भरती अजून आहे."

"पाच-चाळीसपर्यंत. त्यानंतर वीस मिनिटं राहतात. तुम्ही आत्ता लिहून दिलं नाहीत आणि ते आले नाहीत, तर दुसरं नाव बदलायला मला अर्ज, दाखला, सगळं परत करावं लागेल. सहाच्या आत होणार नाही. मग बोट कापावी लागेल, सर. मला कापावी लागेल."

"हो."

"भूगोलाचे मास्तर तुम्ही. वेळेचा अंदाज आहे ना?"

"आहे. म्हणूनच थांबतो."

मॅडमनी डोक्याला हात लावला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. माळ्याने पोत्याची दोरी सोडली. हसन त्याला काहीतरी बोलला, ते मी इथे लिहीत नाही.

पाच-चाळीस झाले. खाडी काठोकाठ भरली आणि थांबली. वरही नाही, खालीही नाही. उंबऱ्याशी आलेलं पाणी उंबऱ्याशीच होतं. मी गुडघाभर पाण्यात बोटीच्या मागे उभा राहिलो, दाराच्या कडेला हात धरून. पाच-त्रेचाळीस झाले. उताराच्या कडेला अडकलेलं एक पान किंचित बाहेरच्या दिशेला वळलं. ओहोटी लागते तेव्हा पान असंच वळतं.

तेव्हा माझ्या हातावरून गार काहीतरी आत गेलं.

ते सावकाश गेलं. घाई नव्हती. गडगड असा एक आवाज झाला, मग दुसरा, मग ठोकळ्यांना कुणीतरी बाजूला सारावं तसा. भिंगरी मागून थोडी खाली बसली आणि स्थिर झाली.

"थांबा!" मोकल मॅडम नोंदवही घेऊन धावत आल्या. "ओळख पटवायची आहे. हलवा."

हसनने हलवली.

"नाव?"

"पाणी."

"राहणार?"

"भिंगरी, मागचं दार."

"खूण?"

"मालकांनी भोकाला दार म्हणायचं कबूल केलंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"उशीर का झाला?"

"पुलाखाली गर्दी होती."

त्यांनी मोजकाठी लावून पुन्हा पाणरेषा मोजली, मनातल्या मनात काही भागाकार केला आणि भुवया वर नेल्या. "चार किलो वाढलेत."

"नऊ दिवस बाहेरचं खाल्लं," हसन म्हणाला. "वाढणारच."

मी झाकण हाताने फिरवून लावलं, पाना न लावता. आत चढलो. शीड ओढलं, दोर अडकवला आणि सुकाणूचा दांडा धरला. बोट सोडण्याआधी मी टाचेने दोनदा तळावर ठोकलं. मला ते जरा अवघड वाटलं, लोकांसमोर. खालून हललं.

आम्ही पाच-सत्तेचाळीसला निघालो. पश्चिमेचा वारा होता, संध्याकाळी असतो तसा, सरळ आणि पुरेसा. धक्का मागे गेला आणि उघड्या खाडीत येताच शीड भरलं. शीड भरलं की बोट वाऱ्याकडून दूर कलते. अशा वेळी सोबतच्याने उचललेल्या बाजूला सरकून बसायचं असतं म्हणजे ती सावरते. पाण्याचा स्वभाव उलट असतो. ते खालच्या बाजूला जातं आणि बोट आणखी कलते. हे मला माहीत होतं, हसनला माहीत होतं, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या मोकल मॅडमना सगळ्यांत जास्त माहीत होतं. माळीसुद्धा उठून उभा राहिला होता.

शरयू सुकाणूवर असताना सरकायचं काम माझं असे. मला ते वेळेवर कधी सुचलं नाही. दर वेळी तिला म्हणावं लागे, "अहो, सरका."

भिंगरी कलू लागली. खालचा काठ पाण्याजवळ गेला. मी काही बोललो नाही. कूळ आहेत, नोंदणीकृत आहेत, त्यांना काय सांगायचं?

पाणी वरच्या बाजूला सरकलं. पारदर्शक झाकणातून मी ते जाताना पाहिलं. सगळंच्या सगळं एका अंगाने चढावर गेलं, काठाला टेकलं आणि तिथेच बसून राहिलं. बोट सावरली आणि वेगाने लाल बोयाकडे निघाली.

बोयाला वळसा घालताना शीड दुसऱ्या बाजूला गेलं, मी त्याच्याखालून वाकून पलीकडे गेलो, आणि पाणीही पलीकडे गेलं. माझ्याआधी पोचलं. परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता. धक्का जवळ आला तेव्हा सहाला तीन मिनिटं कमी होती. मोकल मॅडमनी नोंदवही छत्रीच्या दांड्यावर टेकवून उभ्या-उभ्याच शिक्का मारला. तो आवाज आम्हाला पाण्यावरून स्पष्ट ऐकू आला. माळ्याने पोतं परत बांधायला घेतलं.

"झालं का?" खालून आवाज आला.

"झालं. पास."

"मग आता परत गाडीवर चढवणार?"

"वारा अजून तासभर आहे," मी म्हणालो. "पण कार्यालय बंद झालं. परवानगी चाचणीपुरती एका फेरीची होती."

"कार्यालय बंद झालं म्हणजे विचारणारंही कुणी नाय."

मी धक्क्याकडे पाहिलं. मॅडम खोलीला कुलूप लावत होत्या आणि त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती. चांगली सावकाश, गरजेपेक्षा बराच वेळ त्या कुलूप लावत होत्या.

"अहो, सरका," मी म्हणालो आणि दांडा ढकलला.